तो दाराच्या पलीकडे खरंच रडत असतो का?

ताई, नमस्कार. माझं वय २९, लग्नाला चार वर्षं झाली, सांगली जिल्ह्यात राहतो आम्ही, घरात मी, नवरा आणि सासूबाई. नवरा तसा वाईट नाही, दारू नाही, बाहेरची काही भानगड नाही, पण राग आला की बोलणंच बंद. आठ दिवस, पंधरा दिवस, मागच्या वर्षी तर गणपतीत रुसलेला माणूस नवरात्रात बोलला. जेवायला बसतो, पाणी हवं असलं की पेला पुढे सरकवतो, आणि का चिडलास विचारलं तर उठून जातो. गेल्या महिन्यात मी जरा जास्तच मागे लागले तर ताट भिरकावलं, मला लागलं नाही. शेवटी दरवेळी मीच सॉरी म्हणते, कशाबद्दल ते मलाच माहीत नसतं. मी आणि सासूबाई रोज दुपारी हिंदीत डब केलेल्या तुर्की मालिका बघतो, फातमागुलपासून आमचं हे वेड आहे. सासूबाई म्हणतात, बघ त्या पोरीनं किती सोसलं, पण शेवटी आला ना तो वळणावर, पुरुषाच्या मनात सगळं असतं, तोंडावर येत नाही. मला ते पटतं, धीर येतो. माझी बहीण म्हणते या मालिकांनीच तुझं डोकं फिरवलंय, आधी ते बंद कर. तर ताई, बंद करू का? आणि सोसलं की माणूस बदलतो हे खरं आहे का? नाव छापू नका.

---

अगं मैत्रिणी, नाव छापत नाही, गावाचं तर नाहीच नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. मालिका बंद करू नकोस. ज्या घरात नवरा पंधरा दिवस तोंड उघडत नाही त्या घरात दुपारचे दोन तास तू आणि सासूबाई एकत्र बसून हसता, रडता, त्या व्हिलन बाईला शिव्या घालता, ते पण काढून घेतलं तर उरणार काय तुला, भांड्यांचा आवाज? बहिणीचं दुखणं मला कळतं, ती लांबून बघतीये आणि तिचा जीव तुटतोय, पण तिने नेम चुकीच्या ठिकाणी धरलाय. बघणं हा प्रॉब्लेम नाहीये. बघता बघता सासूबाई तुला जे शिकवतायत ना, की हिने सोसलं म्हणून तो सुधारला, ते मात्र त्या मालिकांमध्येच नीट बघितलं तर नाहीये. म्हणून मी उलटं सांगणार आहे, अजून बारकाईने बघ.

आधी ही सोसणारी बाई कुठून आली ते सांगते, कारण ती काही २०१५ ला झिंदगी चॅनेलवर जन्माला आली नाही. इस्तंबूलमध्ये बेयोलू भागात येशिलचाम नावाची एक गल्ली आहे, तिथे फिल्म कंपन्यांची ऑफिसं होती म्हणून सगळ्या जुन्या तुर्की सिनेमालाच येशिलचाम म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकात तिथे सिनेमांचा नुसता रतीब होता, जोरात असताना वर्षाला दोनशेच्या वर सिनेमे निघायचे. एवढे सिनेमे काढायचे तर दरवेळी नवीन गोष्ट कोण लिहीत बसणार, मग ठरलेले साचे. गरीब पण पाक मुलगी, श्रीमंत मुलगा, मध्ये गैरसमज, कुणीतरी कान भरणारी बाई (बहुतेक वेळा केस सोनेरी रंगवलेली, हातात सिगारेट), मुलगी पोटुशी, घराबाहेर, क्षयरोग नाहीतर आंधळेपण, आणि मग शेवटच्या रिळात त्याला सगळं कळतं आणि तो धावत येतो. कधी वेळेवर पोचतो, कधी तिच्या अंत्ययात्रेला. आंधळ्या मुलीचं तर एवढं वेड होतं की बस. १९५८ चा एक गाजलेला सिनेमा आहे, तीन फाटके मित्र आणि एक आंधळी पोर, त्यात मुहतेरेम नूर नावाची नटी होती, तिच्या चेहऱ्यावरच असं काही होतं की पुढे सोसणाऱ्या बाईचे रोल तिच्या नावावरच लागले. आपल्याकडे १९९१ नंतर अलका कुबल पडद्यावर आल्या की थेटरात आधीच पदर डोळ्याला लागायचे ना, अगदी तसंच.

आणि हे आपल्याला एवढं ओळखीचं वाटतं यात नवल काहीच नाही. आपला राज कपूरचा आवारा पन्नासच्या दशकात तुर्कीत तुफान चालला होता, इतका की पुढे १९६४ मध्ये तिथे त्याच नावाने त्यांचा स्वतःचा सिनेमा निघाला. म्हणजे तिकडची रडकी गोष्ट इकडे आली असं तुझ्या बहिणीला वाटत असेल तर सांग तिला की आपण पण पाठवली होती.

चार नट्या होत्या तिथे टॉपच्या, तुर्कान शोराय, हुल्या कोचयिइत, फिलिझ आकिन आणि फातमा गिरिक. यातल्या तुर्कान शोरायचं एक मला फार आवडतं. पडद्यावर ही बाई काय काय सोसायची, फसवली जायची, टाकली जायची, पण निर्मात्यांसमोर तिच्या लेखी अटी असायच्या, चुंबनाचा सीन नाही, अंगप्रदर्शन नाही, स्क्रिप्ट आधी हातात पाहिजे, आणि या अटींना तिथे चक्क शोरायचे कायदे म्हणायचे. लोक तिला सुलतान म्हणतात आजही. लाखो बायका जिचं सोसणं बघून रडल्या ती स्वतः कामावर काय चालेल काय नाही ते आधी सांगून मोकळी व्हायची. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता तुझ्या मालिकांकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

तुर्कीत मालिका रोज नसते आपल्यासारखी, आठवड्यातून एकदा असते, पण एकेक भाग दोन तासांचा, कधी त्याच्याही वर, म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा काढायचा. इतका ताण की २०१० च्या डिसेंबरमध्ये तिथले कलाकार, कॅमेरावाले, लाइटवाले सगळे इस्तंबूलमध्ये रस्त्यावर उतरले होते की भागाची लांबी कमी करा, आम्ही मरतोय. तरी काही फार फरक पडला नाही. आपल्याकडे तेच भाग कापून कापून छोटे करून दाखवतात म्हणून ते लक्षात येत नाही. तर आता विचार कर, दोन तास भरायचेत, दर आठवड्याला, रेटिंग पडलं की मालिका मध्येच गुंडाळतात, मग लेखक काय करणार? जर नायक-नायिका सहाव्या भागात टेबलावर समोरासमोर बसून म्हणाले, हे बघ मला या गोष्टीचं वाईट वाटलं, तुझं काय म्हणणं आहे, तर संपलीच की मालिका. म्हणून ते बोलत नाहीत. म्हणून तो खिडकीतून समुद्राकडे बघत उभा राहतो आणि ती पायऱ्यांवर थांबते आणि व्हायोलिन वाजत राहतं तीन-तीन मिनिटं. तो अबोला प्रेमातून आलेला नसतो गं, तो लेखकाची गरज असते, भाग भरायचा असतो त्याला.

आणि दुसरी गोष्ट, ही जास्त महत्त्वाची. तो एक सीन तू शंभरदा बघितला असशील, दार बंद झालंय, ती दाराच्या अलीकडे पाठ टेकून खाली बसलीये, डोळ्यातून घळाघळा पाणी. मग कॅमेरा दाराच्या पलीकडे जातो. तिथे तो, त्याच दाराला पाठ टेकून, मूठ आवळलेली, डोळे लाल. तिला माहीत नाही, पण आपल्याला दिसतं की हा आतून तुटलाय. तेवढ्या एका शॉटवर आपण त्याचं सगळं माफ करतो. कालचं ओरडणं, परवाचं दंडाला धरून ओढणं, सगळं. अख्ख्या मालिकेचा डोलारा त्या एका शॉटवर उभा असतो, दाराच्या पलीकडच्या.

तुझ्या घरात दाराच्या पलीकडे कॅमेरा नाहीये. तो शॉट तू स्वतः मनात लावून घेतेस. तुझा नवरा पंधरा दिवस गप्प असतो तेव्हा आत काय चाललंय हे ना तुला माहीत, ना सासूबाईंना, ना मला. असेल तो बिचारा आतून तुटलेला, असू शकतं, काही माणसांना लहानपणापासून बोलायला शिकवलेलंच नसतं. किंवा मजेत मोबाईलवर क्रिकेट बघत असेल, कारण त्याला पक्कं माहितीये की नवव्या नाहीतर सोळाव्या दिवशी तू येऊन सॉरी म्हणणार आहेस. दोन्ही शक्य आहे. पण तू न बघितलेल्या शॉटच्या भरवशावर चार वर्षं काढलीस, त्याची मला काळजी वाटते.

आता फातमागुल. सासूबाईंना ती मालिका एवढी आवडते ना, तर त्यांच्याच मालिकेतून बोलू. तुर्कीत ती २०१० ते २०१२ चालली, ८० भाग, बेरेन सात आणि एंगिन आक्युरेक. गोष्ट त्याच्याही खूप आधीची, वेदात तुर्काली नावाच्या लेखकाची, १९८६ मध्ये त्यावर सिनेमा पण झाला होता. आणि हे ऐक, त्या जुन्या काळात तुर्कीच्या कायद्यात अशी तरतूदच होती की बलात्कार करणाऱ्याने त्या मुलीशी लग्न केलं तर शिक्षा टळायची. पोरीचा काय गुन्हा, हा प्रश्न त्या गोष्टीच्या नावातच आहे, तो त्या कायद्याला विचारलेला आहे. बायकांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या तेव्हा २००५ मध्ये नवीन दंडसंहिता आली आणि ती तरतूद गेली. मालिका त्यानंतरची आहे, म्हणूनच तिला शेवट वेगळा करता आला.

सासूबाईंच्या लक्षात काय राहिलं, की तिने सोसलं आणि केरीम, म्हणजे तिच्यावर अत्याचार झाला तेव्हा तिथे असलेला आणि मग तिच्याशी लग्न लावून दिलेला तो मुलगा, सुधारला. पण बारकाईने आठव. फातमागुल केरीमचं मन जिंकायला सोसत नाही. ती त्याच्याशी धड बोलत नाही, त्याला जवळ येऊ देत नाही, कित्येक भाग त्याच्याकडे बघते ती रागानेच. लाडीगोडी लावायला, माफी मागायला, जवळ जायला तिच्यावर जबरदस्ती होते तेव्हा ती नाही म्हणते. आणि केरीम बदलतो तो तिचे अश्रू बघून नाही, त्याला स्वतःचा वाटा कबूल करावा लागतो, आपण तिथे होतो, थांबवलं नाही, गप्प बसलो, हे तोंडाने बोलावं लागतं. मग ती पोलिसात जाते, कोर्टात उभी राहते. सोसून न्याय मिळाला नाही तिला, तक्रार करून मिळाला.

आणि ती उभी कुणाच्या आधाराने राहिली? मेरियमच्या. केरीमला लहानाचं मोठं केलेली ती बाई, जडीबुटीची औषधं देणारी. नात्याने बघितलं तर फातमागुलची सासूच की ती! सख्ख्या भावजयीने पोरीला वाऱ्यावर सोडलं, भाऊ भोळसट, आणि ही सासू मात्र ज्याला आईसारखं वाढवलं त्याच्यावरच संतापली, त्याची बाजू घेऊन ''पुरुषाच्या मनात असतं सगळं'' असं म्हणाली नाही. पोरीला आधी स्वतःच्या पंखाखाली घेतलं, मग बाकीचं. ती बाई मालिकेत नसती तर फातमागुलचं काय झालं असतं, हा प्रश्न आज दुपारी सासूबाईंना विचार. सहज, चहा ओतता ओतता. मला खरंच उत्सुकता आहे त्या काय म्हणतात याची.

मी हे मालिकेची तरफदारी म्हणून सांगत नाहीये हां. पहिल्या भागातला तो अत्याचाराचा सीन ज्या पद्धतीने दाखवला त्यावर तिथे खूप वाद झाले, आणि मलाही असं वाटतं की शेवटी त्याच माणसाशी प्रेम जुळवून आणणं हा लेखकांनी प्रेक्षकांना दिलेला गोडाचा घास होता. आणि सगळ्याच मालिका फातमागुल नसतात. तुर्कीतल्या मार्दिन शहराच्या दगडी हवेल्यांमधल्या त्या सूडाच्या गोष्टी घे, हेरजाईमध्ये तर तो लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिला टाकून जातो, का तर घराण्याचा बदला, आणि आपण तीन सीझन वाट बघायची त्याच्या पश्चात्तापाची. नट इतका देखणा असतो की आपण थांबतो, हा आपला पण दोष आहे. तोच सीन पोट सुटलेल्या टकल्या नटाने केला असता तर दुसऱ्या भागात आपण म्हटलं असतं, मेल्या, तुला आधी आत टाकायला पाहिजे.

आता एक खरी गोष्ट सांगते, मालिकेतली नाही. ती सांगताना मला बरं वाटत नाही पण सांगायलाच पाहिजे. ऐंशीच्या दशकात तुर्कीत बेर्गेन नावाची एक गायिका होती, त्यांच्या त्या दुःखी अराबेस्क गाण्यांची. काय आवाज होता. १९८२ मध्ये नवऱ्याने तिच्यावर ॲसिड टाकायला लावलं, एक डोळा गेला. त्या डोळ्यावर केस ओढून ती पुन्हा स्टेजवर उभी राहिली आणि गात राहिली, आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, तिचं नावच पडलं दुःखांची बाई, त्याच नावाने १९८६ मध्ये कॅसेट आली आणि धो धो खपली. बघ म्हणजे, अख्खा देश तिचं सोसणं विकत घेत होता, ते ऐकून रडत होता, हॉटेलात, ट्रकमध्ये, घरात. आणि १९८९ मध्ये त्याच माणसाने तिला गोळ्या घालून मारलं, तिशी जेमतेम उलटलेली तिची. त्याने शिक्षा भोगली ती अगदीच थोडी. २०२२ मध्ये तिच्या आयुष्यावर सिनेमा आला, तुर्कीत त्या वर्षी प्रचंड चालला, पण अदानाजवळ कोझान नावाच्या गावात, जिथे तो माणूस तेव्हा राहत होता, तिथे तो लागू दिला नाही. एवढं सोसलं तिने. कुठला शेवटचा भाग आला, कोण आलं धावत?

तुझा नवरा असा आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, घाबरू नकोस. मी एवढंच म्हणतीये की सोसण्याच्या आत असं काही रसायन नसतं की ज्याने समोरचा आपोआप बदलतो. मालिकेत बदलतो कारण लेखक बदलवतो.

आणि तिथल्या बायकांनाही हे कळत नाही असं नाही बरं का. ऐंशीच्या दशकातच आतिफ यिलमाझ नावाच्या दिग्दर्शकाने वेगळेच सिनेमे काढायला सुरुवात केली, १९८२ च्या मिनेमध्ये तीच तुर्कान शोराय एका छोट्या गावातल्या स्टेशनमास्तरची बायको झाली, अख्ख्या गावाच्या नजरांना कंटाळलेली, आणि तिने स्वतःचा निर्णय स्वतः घेतला, त्या सिनेमासाठी तिने आपले ते प्रसिद्ध कायदे पण बाजूला ठेवले. मग म्यूझदे आर आली, तिने तर रडक्या नायिकेची टिंगलच केली. १९८६ च्या एका सिनेमात ती नटी असते, शांपूच्या जाहिरातीचं शूटिंग करता करता डोळे उघडते तर ती खरोखरच त्या जाहिरातीतली गृहिणी झालेली असते, नवरा, पोरं, सासू सगळं अंगावर, आणि ती ओरडून सांगतीये की मी ही नाहीये आणि कुणी ऐकतच नाहीये. हसून हसून पोट दुखतं आणि मग एकदम दुखायचं थांबतं.

आत्ता आत्ताचं सांगायचं तर २०२३ मध्ये एका लोकप्रिय मालिकेत मनाविरुद्ध लग्न लावून दिलेल्या मुलीला नवरा पहिल्याच रात्री खिडकीतून खाली ढकलतो असा सीन होता, तर तिथल्या सरकारी प्रसारण मंडळाने चॅनेलला दंड केला आणि मालिका पाच आठवडे बंद ठेवायला लावली. लोक म्हणाले, अहो जे घरोघरी होतंय ते दाखवलं तर दंड, आणि जे करतात त्यांचं काय? तुर्कीने २०२१ मध्ये बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या इस्तंबूल करारातून अंग काढून घेतलं, करार त्यांच्याच शहराच्या नावाचा, आणि त्याला सगळ्यात आधी मंजुरी दिली ती त्यांनीच. तेव्हा हजारो बायका रस्त्यावर होत्या. त्याच बायका रात्री घरी जाऊन मालिका बघत असतील, का नाही बघणार, पण त्या सोसायला शिकायला बघत नाहीत.

बरं, तुझ्या घराकडे येते, खूप लांब गेले मी.

एक म्हणजे सॉरी बंद. चूक माहीत असेल तर एकदा म्हण, मनापासून, आणि संपलं. चूक माहीत नसताना सॉरी म्हणणं म्हणजे तू त्याला दरवेळी शिकवतीयेस की गप्प बसलं की काम होतं. तो अबोल्यात असताना मागे लागू नकोस, का रे, काय झालं, सांग ना, हे शंभरदा नको, एकदा सांगायचं की तुला बोलावंसं वाटेल तेव्हा मी आहे, आणि आपलं जेवण, आपली झोप, आपलं माहेरी फोन करणं, बाजारात जाणं सगळं नेहमीसारखं. पेला सरकवला तर पाणी देऊ नकोस असं मी म्हणणार नाही, पण तांब्या टेबलावर ठेव, हात त्यालाही आहेत.

बोलायचं कधी, तर तो चांगल्या मूडमध्ये असेल तेव्हा. रुसलेल्या माणसाशी रुसण्यावर बोलून काही उपयोग नसतो. रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, सरळ सांग की तुला राग आला तर ये, दोन दिवस गप्प रहा, मला चालेल, पण तिसऱ्या दिवशी आपण बसून बोलायचं, आणि ताट भिरकावलेलं मला चालणार नाही, परत झालं तर मी त्या क्षणी उठून बहिणीकडे जाणार. अट घालायची. तुर्कान शोरायची आठवण ठेव. आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही (आलं रडू तर येऊ दे, पण वाक्य पूर्ण कर). आणि मग तो काय करतो ते बघ. हा माणूस बोलता न येणारा आहे की बोलायचं नाही म्हणून न बोलणारा, हे तुला तेव्हा कळेल. पहिल्या प्रकारचा असेल तर तो अडखळेल, चिडेल, पण प्रयत्न करेल, कदाचित चिठ्ठी लिहील, मेसेज करेल, समुपदेशकाकडे यायला कुरकुरत का होईना तयार होईल. दुसऱ्या प्रकारचा असेल तर तुझ्या अटीलाच रुसेल आणि पुढचा अबोला मागच्यापेक्षा लांब होईल. अजून एक निरखून बघ, अबोल्याच्या दिवसांत तो आईशी बोलतो का, मित्रांशी फोनवर हसतो का? हसत असेल तर त्याचा आवाज गेलेला नाहीये, तो फक्त तुझ्यापुरता बंद केलाय.

ताटाबद्दल. तुला लागलं नाही हे तू इतक्या घाईने लिहिलंयस की मला तिथेच थांबावंसं वाटलं. लागलं नाही हे नशीब, त्याचा चांगुलपणा नाही. आपल्याकडे २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात फक्त मारहाण नाही, मानसिक छळ पण धरलाय, त्यासाठी जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. महिलांसाठी १८१ नंबर आहे, आणि अंगावर काही आलं तर ११२. बऱ्याच ठिकाणी पोलिसांचा भरोसा सेल असतो, तिथे नवरा-बायको दोघांना बोलावून समुपदेशन पण करतात, लगेच केसच होते असं नाही. लगेच फोन लाव असं नाही म्हणत मी. नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेव, आणि बहिणीला ताटाचं सांग, सांगितलं नसशील असा माझा अंदाज आहे. तुझ्या नावावर बँकेत खातं आहे का, त्यात थोडे तरी पैसे आहेत का, पत्रात काही लिहिलं नाहीस. नसेल तर या महिन्यात ते काम कर, त्याला सांगून कर, लपवायचं कारण नाही.

आणि सासूबाई. मला वाटतं तुझ्या घरात सगळ्यात मोठी गोष्ट त्यांच्याकडे आहे. ''पुरुषाच्या मनात असतं गं सगळं'' हे वाक्य कुठल्याही बाईच्या तोंडी आभाळातून पडत नाही. त्यांच्या नवऱ्याने किती दिवस अबोले धरले असतील, त्यांनी त्या दाराच्या पलीकडे काय काय बघितलं असेल मनातल्या मनात, देव जाणे. मुलगा ते बघूनच मोठा झाला असणार. त्यांना दोष देऊ नकोस, पण विचार जरूर, आई, बाबा पण असेच गप्प व्हायचे का? मग काय करायचात तुम्ही? त्या पहिल्यांदा विषय बदलतील. परत कधीतरी विचार. त्यांनी तुझी बाजू घेऊन मुलाला एक वाक्य जरी सुनावलं ना, ताट फेकायचं नाही माझ्या घरात, एवढं जरी, तर ते माझ्या या सगळ्या पानभर लिहिण्यापेक्षा जास्त काम करेल.

तोपर्यंत दुपारी बघायला एक सुचवते, मालिका नाही, जुना तुर्की सिनेमा, सत्तरच्या दशकाच्या शेवटचा, किर्गिझ लेखक आयतमातोव्हच्या कथेवरचा, सेल्वी बोयलुम अल याझमालिम नावाचा, त्यात लाल ओढणीवाली आस्या म्हणजे तुर्कान शोराय. आस्याचं ट्रक ड्रायव्हर इल्यासवर जिवापाड प्रेम, पळून जाऊन लग्न, मग तो बिथरतो, पितो, दुसरीकडे जातो. ती पोराला घेऊन निघते आणि एक साधा, फारसा न बोलणारा माणूस तिला आसरा देतो, पोराला बापासारखा वाढवतो. काही वर्षांनी इल्यास परत येतो, पश्चात्ताप झालेला, तेच देखणे डोळे. आणि तिला ठरवायचं असतं. कुणाकडे जाते ते मी सांगत नाही, पण एक गंमत बघ, तिचा तो दुसरा माणूस पण कमीच बोलतो. फक्त त्याच्या गप्प बसण्याची तिला भीती वाटत नाही. सबटायटल वाचायला सासूबाईंना जमणार नाही, तू मोठ्याने वाचून दाखव, आणि संपल्यावर त्यांनी कुणाची बाजू घेतली ते मला कळव.